नियम बदलल्यावर दुकानात उरलेला, लाकूड जाळणारा जुन्या मानकाचा हीटर विकता येतो का?
अमेरिकेत, हीटर न वापरलेला असेल तर, नाही. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१५ च्या नियमांनी धुरातील कणांची मर्यादा आधी तासाला ४.५ ग्रॅम ठेवली आणि १५ मे २०२० पासून २ ग्रॅमवर आणली (चाचणी फोडलेल्या सरपणावर झाली असल्यास २.५), त्या तारखेपासून ही मर्यादा न पाळणाऱ्या हीटरच्या उत्पादनाबरोबर किरकोळ विक्रीही बंद झाल्याने न खपलेला माल विक्रेत्याच्याच गळ्यात पडला. म्हणून शहाणा विक्रेता मुदतीआधीच्या हिवाळ्यातच सवलतीत माल काढतो. ग्राहकाने मात्र किमतीआधी हीटरच्या मागची धातूची पट्टी वाचावी. तिच्यावर २०२० चे मानक पाळल्याचा उल्लेख हवा. वापरलेल्या हीटरच्या फेरविक्रीला ही मर्यादा लागू नाही, परंतु ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत अप्रमाणित जुना हीटर विकण्यासही मनाई आहे.