खारदुंग ला: उन्हातही बर्फ कसा?

प्रश्न: आमच्या सोलापुरात मे महिन्यात अंगाची लाही होते, मग लडाखच्या खारदुंग ला खिंडीत एवढं कडक ऊन असून बर्फ कसा टिकतो? आणि तिथला दगड आपल्यासारखा काळा का नाही?

उत्तर: अहो, खिंड आहे सुमारे ५,३५० मीटरवर, आणि दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, म्हणून ऊन चटके देतं पण हवा काही तापत नाही. दगडाची गोष्ट मला जास्त आवडते! आपला काळा दगड, बसाल्ट, म्हणजे वर येऊन झटपट थंड झालेला लाव्हा, तिथला ग्रॅनाइट मात्र टेथिस या प्राचीन समुद्राचा तळ आशियाखाली सरकताना तयार झालेला मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक), खोलवर सावकाश गोठला, म्हणून त्यातले फिकट रंगाचे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. जाणार असाल तर आधी लेहला दोन-तीन दिवस आराम कराच, ऑक्सिजन कमी पडतो.