'कार्टी' लांबवून म्हटलं की…

"मॅडम, दीड पानाला दोन तास लावती बघा. शब्दनशब्द डिक्शनरीत बघती, वहीत उतरवती. तरी उताऱ्यावरचे प्रश्न चुकतातच. शब्दच कमी पडत्यात, दुसरं काय?" कोल्हापूरजवळच्या गांधीनगरहून आलेल्या आईनं दहावीतल्या लेकीची वही माझ्या टेबलावर ठेवली. ही तक्रार घेऊन आठवड्याला एक तरी पालक येतोच.

वही देखणी होती. इंग्रजी शब्द, शेजारी मराठी अर्थ, मधे लाल रेघ. धडा अ‍ॅन फ्रँकच्या डायरीतला, दुसऱ्या महायुद्धात एका ज्यू मुलीनं लिहिलेल्या. 'इनकॉरिजिबल'पुढं लिहिलेलं: सुधारण्यापलीकडचा. अर्थ बरोबर. मी विचारलं, "मग अ‍ॅन कशी वाटली?"

"वाईट. धड्यातल्या सरांनी तसंच म्हटलंय की."

वर्गात फार बोलते म्हणून गणिताचे सर अ‍ॅनला बडबडीवरच निबंध लिहायला लावतात. ती लिहिते, माझी आईही एवढीच बोलते, रक्तातच आहे त्याला इलाज काय! सरांनाही हसू येतं. ते हसू या वहीत कुठंच नव्हतं.

मी आईकडं वळले. "'ही कार्टी काय सुधारायची नाही,' असं घरात कधी म्हणता?"

"रोज!"

"एकदा रागानं म्हणून दाखवा, एकदा लाडानं."

आई लाजली, पण म्हटलं तिनं. पोरगी पटकन बोलली, "लाडानं म्हणताना ती 'कार्टी' लांबवती." मी शिकवणार होते ते तिनंच सांगून टाकलं.

मग एवढंच ठरवलं. आधी डिक्शनरी मिटून पान मोठ्यानं वाचायचं. अडेल तिथं पेन्सिलीची खूण. पानामागं पाचच शब्द शोधायचे आणि वहीत तिसरा रकाना आखायचा: 'कसं म्हटलंय'. (डायरी मुळात डचमधली, आपल्यापुढचा इंग्रजी शब्दही अनुवादकानं निवडलेला. एकेका शब्दावर जीव द्यायचं कारण नाही.)

"पण हे युद्ध लांबचं," ती म्हणाली. तिच्या घराजवळच, वळिवड्याला, 1943 ते 1948 या काळात याच युद्धामुळं आलेले पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यात मुलं कितीतरी. हे तिला ठाऊकच नव्हतं. आईलाही नव्हतं.

मी पुढचं सांगितलं. 6 जुलै 1942 ला नाझींच्या भीतीनं अ‍ॅनचं कुटुंब ॲमस्टरडॅममध्ये लपलं. खाली गोदामात माणसं कामाला, म्हणून दिवसा पावलांचासुद्धा आवाज करायचा नाही. 4 ऑगस्ट 1944 ला पकडले जाईपर्यंत असंच.

"ती बडबडी? गप्प?" एवढं विचारून पोरगी बराच वेळ बोलली नाही.

तीन आठवड्यांनी दोघी परत आल्या. मार्क काही उड्या मारून वाढले नव्हते, पण दीड पान आता अर्ध्या तासात होतं. तिसऱ्या रकान्यात 'चिडवत', 'आव आणून', 'भीती लपवून' असं काय काय. 'चॅटरबॉक्स' म्हणजे बडबडी, त्यापुढं 'हसत' लिहून खाली दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या.

"ह्या कशाला?"

"अख्खी डायरी आणलीया लायब्ररीतनं. ती वाचून झाली की भरते."