मुदत ठेव मोडून नेटवर्क स्टोरेज घ्यावे का?

चोपडा येथील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते घरातूनच लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा व्यवसाय करतात. घरात तीन संगणक आहेत: एक त्यांचा, एक एडिटिंग करणाऱ्या धाकट्या भावाचा आणि एक अल्बम व हिशेब पाहणाऱ्या पत्नीचा. दोन टीबीच्या तीन एक्स्टर्नल हार्ड ड्राइव्ह दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात. जळगावच्या एका विक्रेत्याने त्यांना दोन ड्राइव्ह बसणारी आणि घरातल्या सगळ्या संगणकांना नेटवर्कवरून वापरता येणारी नेटवर्क स्टोरेजची पेटी, म्हणजे नॅस, ड्राइव्हसह 48,000 रुपयांना सुचवली आहे. हे पैसे 60,000 रुपयांची मुदत ठेव मोडून द्यावेत, की 4,000 रुपयांच्या बारा ‘बिनव्याजी’ हप्त्यांनी, असे ते विचारतात.

माझे मत असे की या वर्षी दोन्ही करू नये. आहेत त्याच ड्राइव्ह एका संगणकावरून घरातल्या नेटवर्कवर शेअर कराव्यात आणि जो खर्च करायचा तो मुख्यतः फाइलींच्या दुसऱ्या प्रतीवर (बॅकअपवर) करावा.

आधी ठेवीचे पाहू. आपला घरखर्च महिन्याला सुमारे 22,000 रुपये आहे असे आपण लिहिता, म्हणजे ही ठेव पावणेतीन महिन्यांचा खर्च भागवते आणि तिच्याशिवाय आपल्याकडे दुसरी शिल्लक नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे आपल्याकडे लग्नांची दाटी असते हे खरे, पण आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत काम जवळजवळ थांबते, आणि शेतकरी कुटुंबांकडची उरलेली रक्कम बहुधा कपाशी विकल्यावरच हाती येते. त्या चार महिन्यांत हीच ठेव आपले घर चालवते. ती मोडून पेटी घेतली, तर श्रावणात किराण्यासाठी कर्ज काढण्याची वेळ येईल. हप्त्यांचा मार्गही त्याच चार महिन्यांतून जातो, कारण काम नसतानाही 4,000 रुपये द्यावेच लागतात.

शिवाय हा हप्ता खऱ्या अर्थाने बिनव्याजी नसतो. दुकानदार व्याजाइतकी सूट देतो आणि बँक तेवढे व्याज लावते. वार्षिक 15 टक्के दर धरला, तर 48,000 रुपयांच्या या बारा हप्त्यांत सुमारे 3,680 रुपये व्याजाचे असतात. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 660 रुपये, आपल्याला वेगळे भरावे लागतात, आणि वर प्रक्रिया शुल्क असते ते निराळेच. हीच पेटी रोखीने सुमारे 44,300 रुपयांना मिळायला हवी, हेही या हिशेबातून दिसते.

‘बिल दाखवून कर वाचेल’ हे विक्रेत्याचे म्हणणे आपल्या बाबतीत लागू नाही. आपण अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने, म्हणजे खर्चाचा तपशील न देता उलाढालीचा ठराविक हिस्सा उत्पन्न धरून, विवरणपत्र भरता. त्या पद्धतीत घसारा (वस्तू जुनी होत जाते त्याची वजावट) आधीच वजा झाला असे धरले जाते, त्यामुळे संगणक साहित्यावरचा 40 टक्के घसारा वेगळा मागता येत नाही. जीएसटी नोंदणी नसल्याने खरेदीवरच्या कराची वजावटही मिळणार नाही.

आता ड्राइव्ह शेअर करण्याकडे वळतो. विंडोजमध्ये ही सोय मुळातच आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. भावाचा संगणक कामाच्या वेळी सुरूच असतो, तेव्हा तिन्ही ड्राइव्ह त्यालाच जोडाव्यात, डिस्क मॅनेजमेंटमध्ये प्रत्येकीला कायमचे अक्षर द्यावे (ते बदलले की शेअर तुटतो) आणि त्या संगणकाचे स्लीप बंद करावे. प्रत्येकासाठी पासवर्डसह वेगळे खाते करावे. पूर्ण झालेल्या कामांची ड्राइव्ह इतरांना फक्त वाचता येईल आणि चालू कामाच्या ड्राइव्हवरच लिहिता येईल, अशी परवानगी ठेवावी. ती ड्राइव्हच्या पातळीवर नीट पाळली जावी यासाठी ड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटमध्ये असाव्यात. एखादी जुनी ड्राइव्ह फॅट32 मध्ये असेल, तर तिच्यावर 4 जीबीहून मोठी व्हिडिओ फाइल बसतच नाही. फॉरमॅट बदलण्याआधी आतला मजकूर मात्र दुसरीकडे उतरवून घ्यावा.

येथे थोडा खर्च करावाच, तो गिगाबिट स्विच (संगणक केबलने एकमेकांना जोडणारी छोटी पेटी) आणि चांगल्या केबलवर. 100 मेगाबिटच्या जुन्या जोडणीतून सेकंदाला जेमतेम 12 एमबी जातात, त्यामुळे एका लग्नाचा 60 जीबी मजकूर हलवायला सुमारे 83 मिनिटे लागतात. गिगाबिट जोडणीवर ड्राइव्हने सेकंदाला 100 एमबीचा वेग दिला, तर तेच काम दहा मिनिटांत होते. राउटरच्या यूएसबी पोर्टला ड्राइव्ह जोडण्याचा जो पर्याय आपण सुचवला आहे तो मला पटत नाही. बऱ्याच घरगुती राउटरांत तो पोर्ट संथ असतो आणि काही जुने राउटर एसएमबी1 ही फाइल शेअर करण्याची कालबाह्य पद्धतच वापरतात. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच त्रुटीतून जगभर पसरला होता.

शेअर केल्याने फेऱ्या वाचतात, पण मजकूर सुरक्षित होत नाही. उलट तिन्ही संगणकांपैकी एकात जरी असा व्हायरस शिरला, तर लिहिण्याची परवानगी असलेली प्रत्येक शेअर ड्राइव्ह तो कुलूपबंद करतो. नॅसमध्ये दोन ड्राइव्हवर एकच मजकूर ठेवला, तर एक ड्राइव्ह बिघडल्यास काम चालते, परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच वेळी जाते. काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयातली एक ड्राइव्ह टेबलावरून पडली आणि तिच्यावरचे तीन वर्षांचे कागद गेले, कारण दुसरी प्रत घेतलीच नव्हती. कागद पुन्हा गोळा करता आले. आपल्याकडचे लग्न पुन्हा लागणार नाही.

म्हणून चार टीबीची एक नवी ड्राइव्ह घ्यावी. आपला सगळा मजकूर मिळून सुमारे तीन टीबी आहे, तो तिच्यावर बसेल. दर आठवड्याला प्रत घेऊन ती काढून ठेवावी, शक्यतो दुसऱ्या घरी. बहुतेक पोर्टेबल ड्राइव्ह 5 ते 35 अंश तापमानात चालवण्यासाठी बनवलेल्या असतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो. त्यामुळे चालू ड्राइव्ह पत्र्याच्या कपाटात किंवा एकीवर एक रचून ठेवू नयेत. वीज अचानक गेली तर लिहिणे सुरू असलेली फाइल बिघडू शकते, म्हणून एक छोटा यूपीएसही घ्यावा. नव्या ड्राइव्हचे 12,000, यूपीएसचे 4,000 आणि स्विच-केबलचे 3,000 धरले, तर एकूण 19,000 रुपये होतात. हातात असलेल्या दोन लग्नांच्या उरलेल्या रकमेतून, ठेवीला हात न लावता, हे भागते.

संगणक रात्रीही सुरू ठेवायचा मोह होईल, तो टाळावा. 80 वॉटप्रमाणे जादा चौदा तास म्हणजे महिन्याला सुमारे 34 युनिट, आणि युनिटला 10 रुपये धरले तर वर्षाला चार हजार रुपये होतात. चोवीस तास फाइल हाताशी लागण्याची खरोखर गरज निर्माण झाली, किंवा आपण दोघे भाऊ रोज एकाच वेळी जड एडिटिंग करू लागलात, तर 20 वॉटच्या आसपास वीज घेणारी नॅसची पेटी योग्य ठरेल. ती तुळशीच्या लग्नानंतर, नव्या हंगामाच्या अ‍ॅडव्हान्समधून आणि रोखीच्या भावाने घ्यावी.

तोपर्यंत बुकिंगच्या पावतीवर एक ओळ छापून घ्या: अल्बम दिल्यानंतर मूळ फाइल सहा महिने सांभाळल्या जातील, त्यापुढे हव्या असल्यास ग्राहकाने स्वतःची ड्राइव्ह आणून द्यावी. आपल्या तीन टीबींतला किती मजकूर अशा जुन्या, पैसे चुकते झालेल्या कामांचा आहे, ते पत्नीकडून मोजून घ्या आणि मगच विक्रेत्याला फोन करा.