वडिलांच्या नावावरचा ट्रॅक्टर: आज रोख ३ लाख, की कागद करून ३ लाख ६० हजार?

रावेर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वडील मागच्या पावसाळ्यात गेले. २०१६ साली कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर अजून त्यांच्याच नावावर आहे. कर्ज २०२१ मध्ये फिटलं, तरी आर.सी.वर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बँकेचं नाव तसंच आहे. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा एक एजंट आज ३ लाख रोख देतो म्हणतो. त्याचं म्हणणं, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर वडिलांची मागच्या तारखेची सही करून द्या, पुढचं मी बघतो. यावलकडचा एक शेतकरी ३ लाख ६० हजार द्यायला तयार आहे, पण पैसे बँकेतून आणि कागद साफ असतील तरच. घरात आई आहे, बहीण चोपड्याला दिली आहे. केळीची रोपं आणि ठिबक यांसाठी जूनच्या आत दीड लाख लागणार आहेत. काय करावं?

भाऊ, एजंटाला ट्रॅक्टर देऊ नका. ६० हजारांचा फरक हे त्याचं सगळ्यात छोटं कारण आहे.

गेलेल्या माणसाची सही दुसऱ्याने करणं म्हणजे बनावट कागद करणं. मृत्यूची तारीख ग्रामपंचायतीच्या नोंदीत आहे आणि बनवाबनवी उघडी पडायला एक तक्रार पुरते. त्यात तुमचं नाव गुंतेल, एजंटाचं नाही, कारण त्याची सही कुठेच नसते. शिवाय ट्रॅक्टर मध्य प्रदेशात नावावर व्हायचा तर जळगाव आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म. कागद असे अर्धवट असताना ते सरळ मार्गाने मिळणार नाही. म्हणजे ट्रॅक्टर सीमेपलीकडे चालत राहील आणि नंबर एमएच १९ व वडिलांचं नाव इथेच राहील.

याची किंमत लोकांना उशिरा कळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरी जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावर आली. आपल्याकडे यात वाळूची भर पडते. गिरणा आणि तापीच्या पात्रातून चोरून वाळू वाहणारे ट्रॅक्टर पकडले जातात तेव्हा महसूल खातं नंबरवरून मालक शोधतं, आणि दंड वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. अमळनेर तालुक्यातले एक गृहस्थ अशीच नोटीस घेऊन माझ्याकडे आले होते. ट्रॅक्टर विकून दोन वर्षं झाली होती, घेणाऱ्याचा फोन बंद होता आणि हातात एक साधी सौदापावती होती, तीही बिनतारखेची. त्यांचा चेहरा आठवतो म्हणूनच हे इतकं लांबवून लिहितोय.

आता रोख पैशांचं. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, आणि दंड पैसे घेणाऱ्यावर बसतो, तोही घेतलेल्या रकमेएवढा. शेतकऱ्याला यातून वेगळी सूट नाही. दीड लाख आज आणि दीड लाख उद्या घेतले तरी सौदा एकच धरला जातो. ३ लाखांवर ३ लाखांचा दंड बसला तर हातात काय उरेल ते पाहा.

विक्रीवरच्या कराची मात्र फारशी काळजी नको. वडिलांनी दिलेली किंमत हीच तुमची मूळ किंमत धरली जाते, आणि ट्रॅक्टर त्याहून कमी भावात जातोय, त्यामुळे नफाच नाही. ते दाखवायला २०१६ चं शोरूमचं बिल लागेल. हरवलं असेल तर विक्रेत्याकडे नक्कल मागा. एक अपवाद आहे. वडील भाड्याने नांगरणी करून ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवत असतील आणि घसारा, म्हणजे वापराने घटलेल्या किमतीची वजावट, घेतला असेल, तर हिशेब घसारा वजा जाता उरलेल्या किमतीवरून होतो. तसं असेल तर जुनी विवरणपत्रं घेऊन कर सल्लागाराला भेटा. जीएसटीची नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याने आपला जुना ट्रॅक्टर विकला तर त्यावर जीएसटी लागत नाही.

दिवाळीपर्यंत थांबलो तर सव्वाचार मिळतील का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. मला तसं वाटत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. कर सोडून ७ लाखांच्या ट्रॅक्टरमागे ४९ हजारांचा फरक पडला, आणि जुना घेणारा नव्याचा भाव बघूनच बोलतो. ३ लाख ६० हजार देणारा, तेही बँकेतून, मिळालाय तर त्याला धरून ठेवा.

राहिला जूनचा प्रश्न. कागदांना दोन महिने लागले असं धरा. दीड लाख महिना २ टक्क्यांनी उचलले तरी दोन महिन्यांचं व्याज ६ हजार. आरटीओची फी, प्रतिज्ञापत्रं, जळगावच्या फेऱ्या यांचे आणखी काही हजार धरले तरी ६० हजारांतले बहुतेक तुमच्याकडेच राहतात. खरं तर २ टक्क्यांनी काढायची वेळ येऊ नये. आधी केळीचं पीककर्ज किती मिळतं ते बँकेत किंवा सोसायटीत विचारा. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा आधार आहे. यावलवाल्याकडून थोडा इसार घ्या, बँकेतून घ्या, आणि इसारपावतीत लिहा की ट्रॅक्टर नावावर करून देण्याची मुदत दोन महिने आहे.

कागदांत आधी बँक गाठा. मृत्यूचा दाखला दाखवून कर्ज फिटल्याचं पत्र आणि आर.सी.वरून बँकेचं नाव काढायच्या ३५ नंबरच्या फॉर्मवर बँकेची सही-शिक्का घ्या. तिथेच विचारा की कर्जापोटी सातबाऱ्यावर बोजा चढवला होता का. इतर हक्कांत तो अजून दिसत असेल तर तोही उतरवून घ्या, नाहीतर पीककर्जाच्या वेळी अडवेल. नंतर ३१ नंबरच्या फॉर्मने ट्रॅक्टर वारसाच्या नावावर करा. हा अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांत करायचा असतो, तुमची मुदत गेली आहे, त्यामुळे दंड भरावा लागू शकतो, भरून टाका. गावात पुष्कळांना वाटतं की तलाठ्याकडे वारसनोंद झाली म्हणजे सगळं नावावर आलं. ती नोंद जमिनीची असते, ट्रॅक्टरचा तिच्याशी संबंध नाही.

मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही आणि बहीण, तिघांचा सारखा हक्क आहे. ट्रॅक्टर तुमच्या नावावर करायला आई आणि बहीण यांची संमती प्रतिज्ञापत्रावर घ्या. आरटीओ कोणत्या नमुन्यात मागतं ते आधी विचारा, म्हणजे चोपड्याहून बहिणीची एकच फेरी होईल. आणि तिला भाव खरा सांगा. तिने वाटा सोडला तर तसं लिहून घ्या, मागितला तर १ लाख २० हजार तिचे आहेत.

मग यावलवाल्याबरोबर २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सगळे रकाने भरून करा. विमा चालू असू द्या. विक्रीची खबर आरटीओला १४ दिवसांत देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, ती घेणाऱ्यावर सोडू नका. ताबा देताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. ट्रॉली सौद्यात असेल तर तिचं आर.सी. वेगळं असतं; तेही वडिलांच्याच नावावर असेल, म्हणून पहिल्या फेरीलाच दोन्ही कागद सोबत न्या.