नवा घोडा गाडीला जुंपताना

प्रश्न : आमचा घोडा तीन वर्षांचा आहे. साज अंगावर घेतो, लगामाला वळतो. मागे टायर बांधून चालवला, तर दहाव्या पावलाला बुजून उधळला. आता साखळी वाजली तरी अंग चोरतो. त्याला दोन चाकी गाडीला जुंपायचं आहे. सुरुवात पुन्हा कुठून करावी?

उत्तर : टायर सध्या बाजूला ठेवा. घोड्याला ओढणं जड जात नाही, मागून काहीतरी अंगावर येतंय हे त्याला सहन होत नाही. शेपटीच्या थेट मागचं त्याला दिसत नाही. तो पळाला, टायरही तितक्याच वेगाने मागे आला, आणि पळूनही सुटका नाही हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. हे पुसायला वेळ लागणार, घाई करू नका.

आधी लांब लगामावर परत या. सात-आठ मीटरचे दोन लगाम घ्या आणि पाठपट्ट्याच्या (पाठीवरून जाणाऱ्या पट्ट्याच्या) दोन्ही बाजूंच्या कड्यांतून ओवा. तुम्ही मागे, पण थोडे एका अंगाला, दुगाणीच्या टप्प्याबाहेर चाला. वळणं नंतर पाहू, आधी थांबणं पक्कं करा. ‘थांब’ म्हटल्यावर दहा मोजेपर्यंत चारही पाय जागेवर राहिले पाहिजेत, तेही रोज वेगळ्या जागी. जो घोडा उभा राहत नाही, तो जुंपताना कोणाला तरी जायबंदी करतो.

मग आवाज. मदतनिसाने टायर दोरीने ओढत घोड्याच्या पुढे चालावं आणि घोड्याने त्याच्या मागून जावं. जे आपल्यापासून दूर जातंय त्याची भीती लवकर ओसरते. कान ढिले पडले, मान खाली आली की टायर बाजूने न्या, मग दुसऱ्या बाजूने, आणि सगळ्यात शेवटी मागे. तेव्हाही तो घोड्याला बांधू नका. दोरी माणसाच्या हातात असावी, पंजाला गुंडाळलेली नको. घोडा बिचकला तर लगेच सोडून देता आली पाहिजे.

ओढ शिकवायलाही आधी माणूसच वापरा. छातीपट्ट्याला, म्हणजे छातीवरून जाणाऱ्या ओढीच्या पट्ट्याला, दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरच्या दोऱ्या लावा, मदतनिसाने मागून हलका ताण द्यावा, दोन पावलांनी सैल सोडावा. छातीपट्टा खांद्याच्या पुढच्या हाडाच्या वर आणि श्वासनलिकेच्या खाली बसला पाहिजे. वर सरकला तर ओढ लागताच गळा दाबला जातो आणि घोडा आडवा पडायला बघतो. लोक त्याला हट्टी म्हणतात, पण त्याला श्वास घेता येत नसतो.

शेवटी दोन लांब बांबू गाडीच्या दांड्यांच्या जागी दोन माणसांनी धरायचे. दांड्यांत घोड्याला अंग वाकवून वळता येत नाही, पाय एकमेकांवरून टाकत सरकावं लागतं. वळताना बाहेरचा बांबू घोड्याच्या मागच्या पुठ्ठ्याला टेकतो, त्या स्पर्शाला तो लाथ झाडतो का, हे इथेच कळू द्या. खऱ्या गाडीत कळलं तर उशीर झालेला असतो.

तीन वर्षांच्या घोड्याची हाडं अजून वाढत असतात. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं आणि सपाट जमीन, एवढंच काम द्या.

प्रश्न : झापडं (बाजूचं-मागचं दिसू नये म्हणून डोळ्यांशी लावायचे आडोसे) सुरुवातीपासून लावावीत का?

उत्तर : आमचं मत, नाही. वर सांगितलेलं सगळं उघड्या डोळ्यांनी करून घ्या, म्हणजे मागे काय आहे ते त्याने पाहिलेलं असतं. त्यानंतर झापडं लावून तेच धडे पुन्हा द्या. झापडांमुळे भीती जात नाही, फक्त दिसेनाशी होते.

प्रश्न : प्रत्यक्ष जुंपण्याचा क्रम काय? आणि पहिल्या दिवशी गाडीत बसावं का?

उत्तर : पहिल्या दिवशी गाडी रिकामी ठेवा. तोंडावरच्या लगामाखाली म्होरकी असू द्या, दोन्ही बाजूंना एकेक माणूस दोर धरून चालेल, तुम्ही लांब लगाम घेऊन बाजूने चाला.

गाडी घोड्यामागे आणा, घोडा गाडीत मागे ढकलू नका. दांड्या उंच धरून पुठ्ठ्यांवरून पुढे घ्या आणि हळूच खाली आणून पाठपट्ट्याच्या फाशांत बसवा. दांडीचं टोक खांद्याच्या हाडाशी यावं, त्यापुढे गेलं तर वळताना बोचतं. आधी ओढपट्टे (छातीपट्ट्यापासून गाडीपर्यंत जाणारे), मग गाडी रोखणारा मांड्यांमागचा रोधपट्टा, शेवटी पोटाखालचा पट्टा. ओढपट्टे आधी का? रोधपट्टा लावलेला असताना घोडा एक पाऊल पुढे सरकला, तर सगळी गाडी मांड्यांना येऊन अडकते. सोडताना उलट क्रम, आणि लगाम अगदी शेवटी.

एक गोष्ट कधीच करू नका : गाडी जोडलेली असताना तोंडावरचा लगाम काढणं. झापडं निघताच त्याला एकदम मागची गाडी दिसते आणि तुमच्या हातात धरायला काहीच उरत नाही. काम संपल्यावर घामेजलेला घोडा डोकं दांडीला घासतो, त्यातही लगाम निसटू शकतो. म्हणून लगामाचा गळ्याखालचा गळपट्टा नीट आवळा आणि डोक्याशी एक माणूस उभा असू द्या.

प्रश्न : लगाम शेपटीखाली अडकतो, घोडा शेपूट दाबून धरतो. काय करावं?

उत्तर : ओढू नका. ओढलं की तो आणखी दाबतो आणि दुगाण्या झाडतो. लगाम सैल सोडा, मदतनिसाला डोक्याशी उभं करा आणि घोडा शांत झाल्यावर बाजूला उभं राहून शेपूट हाताने उचला. पुढे हे टाळायचं तर जुंपण्याआधीच्या आठवड्यांत रोज दुमची (शेपटीखालून जाणारा साजाचा पट्टा) घालताना शेपटीखाली हात आणि मऊ दोरी फिरवत जा.