ज्याला मानतो त्याच्यावरच नाराज आहे, मग मी गद्दार का?

निवडणूक जवळ आली की हा प्रश्न मला हमखास येतो. ज्याला इतकी वर्षं मानलं त्याचंच वागणं पटत नाहीये, आता मत कुणाला द्यायचं, आणि मुळात आपलंच काही चुकलं का? अशा वेळी मला 2010 मधली एक केस आठवते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नाशिक जिल्ह्यातले कांदा उत्पादक, पन्नाशीचे. डॉक्टरांनी पाठवलेले, बीपी वाढलेलं, झोप उडालेली, आणि शर्टाला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला. 1980 च्या कांदा-ऊस आंदोलनापासून संघटनेचे नेते शरद जोशी, म्हणजे त्यांचे साहेब, यांच्या मागे. सरकारने शेतकऱ्याला काही देऊ नये, फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, हे त्यांचं ठाम मत. शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करायच्या डंकेल प्रस्तावाला बाकी शेतकरी नेते शिव्या घालत होते तेव्हा साहेब खुल्या बाजाराच्या बाजूने उभे राहिले आणि आम्ही पारावर भांडलो त्यांच्यासाठी, हे सांगताना आवाज चढलेला.

मग एकदम खाली आला. 2004 ला साहेब भाजप-शिवसेनेच्या मदतीने राज्यसभेवर गेले ना मॅडम, ते गिळलं नाही गेलं. 1994 ला स्वतंत्र भारत पक्ष काढला तो कुणाच्या दारात जायला नाही असं हे समजत होते, आणि सहा वर्षं ही गोष्ट कुणाजवळ बोलले नाहीत, उलट दुसऱ्या कुणी काढली की हेच साहेबांची बाजू घेऊन भांडायचे. तो ताण होता खरा, बीपी नंतरचं. (माझ्याकडे येणाऱ्या कट्टर कार्यकर्त्यांमध्ये हे फार दिसतं, मनातली शंका जितकी मोठी तितका आवाज मोठा.)

मी विचारलं, भाऊ, साहेब भेटायच्या आधी तुम्हाला काय सलत होतं? म्हणाले, कांदा. भाव पडले की विचारायला कुणी येत नाही आणि जरा चढले की सरकार निर्यात अडवतं. म्हटलं मग हे तुमचंच झालं ना, साहेबांनी त्याला शब्द दिले, ते दिल्लीला कुणाबरोबर गेले म्हणून तुमचा कांद्याचा हिशोब खोटा ठरत नाही. पटलं असं वाटलं नाही, मान हलवली नुसती.

खरा धक्का त्यांना घरात बसला होता, तो त्यांनी पुढच्या वेळी सांगितला. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक 186 विरुद्ध 1 असं मंजूर झालं, ते एक मत जोशींचं, राखीव मतदारसंघ दर वेळी बदलत राहिले तर बाईचं नेतृत्व उभं राहणार नाही असा त्यांचा मुद्दा. यांना तो पटला. पण वहिनी 1986 ला चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेलेल्या, बायकोच्या नावावर जमीन करायच्या संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत त्यांच्या नावावर जमीन झालेली. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, हे काही साहेबांचं मला पटलं नाही हां, आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. भिंतीवरचा साहेबांचा फोटो होता तिथेच. "असं नुसतं म्हणून टाकता येतं?" हे मला विचारत होते, अगदी खरं खरं विचारत होते. म्हटलं, येतं की, वहिनींनाच विचारा.

संघटनेच्या पुढच्या बैठकीत त्यांनी 2004 चा विषय काढला. दोघं-तिघं चिडले, एकजण तर उठूनच गेला, बाकीच्यांनी चहा मागवला. झोप बरीच सुधारली, बीपीची गोळी मात्र चालूच राहिली.