पॅकेट गेलं, उत्तर परतलं नाही

पर्वरीहून एक वाचक: आल्तिनोवरच्या मित्राच्या घरापर्यंत मांडवीवरून ५ गिगाहर्ट्झची लिंक जोडली. माझं नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४, त्याचं १९२.१६८.२०.०/२४. लिंकवर माझा राउटर १०.१०.०.१, त्याचा १०.१०.०.२. माझ्याकडे स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेली वाट, टाकला, तरी त्याच्या सर्व्हरला पिंग (उत्तर येतं का ते पाहणारं पॅकेट) लागत नाही.

तुमचा रूट बरोबर असेल, पण तो फक्त जाण्याचा आहे. पॅकेट बहुधा मांडवी ओलांडून पोचतंही. सर्व्हर उत्तर देतो, तेव्हा मित्राच्या राउटरला ‘१९२.१६८.१०’चं, म्हणजे तुमचं, घर कुठे ते ठाऊक नसतं. मग तो ते उत्तर डिफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे इंटरनेटवाल्याकडे ढकलतो, आणि तिथे ते हरवतं. त्याच्या राउटरवर उलटा रूट टाका: नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४, गेटवे १०.१०.०.१. गेटवे म्हणून नेहमी लिंकच्या पलीकडचा पहिला शेजारी द्यायचा. तिथे सर्व्हरचाच पत्ता लिहून बसलेले मी बरेच पाहिलेत.

तरीही नाही लागलं, तर आधी त्याच्या राउटरच्या आतल्या पत्त्याला, १९२.१६८.२०.१ असेल तर त्याला, पिंग करा. तो बोलला आणि सर्व्हर गप्प राहिला, तर सर्व्हरची फायरवॉल बघा. विंडोज तर बाहेरच्या सबनेटच्या, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कच्या, पिंगला सहसा उत्तरच देत नाही.

दोघांचे सबनेट वेगळे ठेवलेत, हे फार बरं केलंत. माझ्या पहिल्या लिंकला दोन्ही घरांत राउटरसोबत आलेलं १९२.१६८.१.०/२४ तसंच राहिलं होतं. अशा वेळी संगणकाला वाटतं की समोरचा आपल्याच घरात आहे, म्हणून तो राउटरला विचारतच नाही. चतुर्थीचे दोन दिवस मी कौलांवर चढून अँटेना फिरवत होतो. घरच्यांनी मोदक वर आणून दिले.

म्हापशाहून: एआरईडीएनच्या (हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, मेश जाळ्याच्या) नोडने स्वतःच १०ने सुरू होणारा विचित्र पत्ता घेतला. बदलून सोपा करू का?

नको. हा पत्ता नोडच्या मॅक क्रमांकाच्या (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाच्या) शेवटच्या तीन जोड्यांवरून बनतो. समजा त्या ५ए, १एफ, सी३ आहेत. दशमानात ९०, ३१, १९५, म्हणून पत्ता १०.९०.३१.१९५. कुणी वही घेऊन पत्ते वाटत बसत नाही, तरी ते सहसा एकमेकांवर आदळत नाहीत. तुम्ही हाताने ‘सोपा’ केलात, तर हीच सोय घालवाल.

नोडमागच्या लॅनकडे मात्र लक्ष द्या. नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच उपकरणांची जागा मिळते. हा /२९ सबनेट, एकूण आठ पत्ते: एक नेटवर्कचा, एक ब्रॉडकास्टचा, एक नोडचा, उरले पाच. कॅमेरा किंवा आयपी फोनला उपकरणातच पत्ता ठोकू नका. नोडच्या डीएचसीपीमध्ये, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीत, आरक्षण करा. नोड बदलला की सगळे पत्ते बदलतात, आणि आरक्षण असेल तर दुरुस्ती एकाच ठिकाणी होते. मेशच्या आत स्टॅटिक रूट लागत नाहीत. वाटा आपोआप शोधायचं ते काम आधी ओएलएसआर हा प्रोटोकॉल करायचा, आता बेबल करतो.

फोंड्याहून: हॅमसाठी ४४ने सुरू होणारे पत्ते असतात ना? तेच वापरू?

असतात, १९८१पासून. २०१९मध्ये त्यातला ४४.१९२.०.०/१०, म्हणजे चाळीस लाखांहून जास्त पत्ते, ॲमेझॉनला विकले गेले. त्यावरून हॅम मंडळींत बरीच धुसफूस झाली. उरलेल्यांतले पत्ते परवानाधारकाला रीतसर मागता येतात. पण तुमचं जाळं बाहेरच्या जगाला दिसायचं नसेल, तर १०चे पुरेत. कुठल्यातरी लेखातला ४४चा पत्ता उचलून टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या भाटात घर बांधणं.

काणकोणहून: पावसात लिंक पडते. दुसरी वाट आहे, पण राउटर तिकडे वळत नाही.

स्टॅटिक रूटला लिंक मेली हे कळत नाही. राउटर ते रेडिओ ही केबल जिवंत असेपर्यंत त्याच्या लेखी वाट शाबूत असते. दोन्ही रूट टाका, दुसऱ्याला मोठा मेट्रिक (म्हणजे कमी पसंती) द्या, आणि पलीकडच्या टोकाला सतत पिंग करून उत्तर थांबताच पहिला रूट काढणारी तपासणी लावा. मायक्रोटिकवर यालाच ‘चेक गेटवे’ म्हणतात. आणि दोष पावसाला देण्याआधी वाटेतली झाडं बघा. ५ गिगाहर्ट्झला पावसापेक्षा भिजलेली पानं जास्त अडवतात. मे महिन्यात स्वच्छ दिसलेली रेषा जुलैत फणसाच्या फांदीत गेलेली असते.